पायाळू

जन्मताना माझे पाय आधी आले.
तांडापेठेत तेवढं पुरेसं होतं.
कुणाला उसण भरली की दारात हाक यायची,
"कुंदीले पाठवा हो जराशी,"
आणि मी, सात वर्षांची, हातातला पेरू तसाच धरून
कुणा ओणव्या म्हाताऱ्याच्या कमरेला
उजव्या पायाचा अंगठा तीनदा लावायची,
मग लगेच वाकून त्याच्या पाया पडायची,
मोठ्यांना पाय लागला म्हणून.
कधी गूळ मिळे, कधी चाराणे.
बरं वाटायचं त्यांना. कसं, ते मी विचारलं नाही.

या एप्रिलात कूलर खाली घेताना
स्टँडचा एक पाय नालीच्या झाकणात अडकला.
मी वळले. एवढंच.
कमरेत काही तुटल्याचा आवाज वगैरे आला नाही,
तो मीच मागाहून सांगताना घातला.
पण कुल्ल्यापासून पोटरीच्या बाहेरून
अंगठ्यापर्यंत एक तार ओढली गेली,
उन्हात तापलेली.

शेजारची म्हणाली, "उसण असन."
मग आम्ही दोघी गप्प.
आता बोलवायचं कोणाला?
स्वतःचा पाय स्वतःच्या पाठीला पुरत नाही.

शिंकले की तार. खोकले की तार.
जेवण उभ्यानं, ओट्याला टेकून.
दहाव्या दिवशी टिमकीच्या चौकात
एक पोरगा मागून धावत आला,
"काकू, तुमची चप्पल."
पायातून निसटली होती. मला कळलंच नव्हतं.

धंतोलीत डॉ. उमाठेंनी पाठीला आधी हातच लावला नाही.
निजवलं. टाचेखाली तळवा धरून
सरळ पाय हळूहळू वर नेला,
अर्ध्या काटकोनाच्याही अलीकडे
मी टेबलाची कड आवळली.
मग हातोडी, मग टाचणी. इथं टोचतं? इथं?
"आता अंगठा वर. मी दाबतोय, तुम्ही हरू नका."
डावा हरला नाही.
उजवा, ज्यानं अर्धी तांडापेठ सरळ केली,
त्यांच्या एका बोटापुढे खाली गेला.

एमआरआय तळघरात.
मंगळसूत्र सोडून रुमालात बांधलं.
पांढऱ्या नळीत सरकवलं, आणि सुरू झालं
खट्-खट्, खट्-खट्, थांबून पुन्हा
बाबांचा माग!
तो भंगारात जाऊन वीस वर्षं झाली.
हलायचं नाही, असं बजावलं होतं.
डोळ्यांतलं पाणी पुसलं नाही, कानात गेलं.

फोटोत चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी
काळी, मागे ढळलेली.
"संत्र्याची फोड दाबल्यावर गर बाहेर येतो ना, तसं."
नागपुरात डॉक्टरांनाही दुसरं फळ सुचत नाही.
"तो नसेला टेकलाय."
"कापावं लागन का?"
"बहुतेकांचा आपोआप आटतो. गोळ्या, व्यायाम, सहा आठवडे पाहू.
पण अंगठा अजून खाली गेला, दोन्ही पाय बधिरले,
किंवा लघवी अडली,
तर रात्रीचे दोन वाजले तरी यायचं. लाजायचं नाही."

फिजिओवाली निकहत रोज पालथं निजवते,
कोपरांवर उठवते.
"पायातली कळ कमरेत आली की सांगा.
घाबरू नका, दुखणं घरी परततंय."
पाचव्या आठवड्यात आलं, थोडंसं. रात्री पुन्हा बाहेर गेलं.

काल दारात पराते काका, वाकलेले.
"कुंदाबाई, जराशी पाय लाव."
म्हटलं, आधी निजा.
टाचेखाली हात धरून पाय वर नेला. नीट गेला.
अंगठा दाबला. म्हातारा हरला नाही.
"उसणच आहे, काका."
मग लावला अंगठा, तीनदा.
त्यांची बंडी जाणवली मला, पुरती नाही,
पावसाळी भिंतीपलीकडून कुणी बोलावं तशी.

आणि पाया पडायचं राहिलं होतं.
वाकायचं ते गुडघ्यांत, कमरेत नाही, निकहत ओरडते.
तशीच खाली गेले, पाठ सरळ, चौकटीला धरून.
काका म्हणाले, "राहू दे वं."
तोवर मी पोचले होते.